बापू आचाऱ्याचं नाक आणि तीन नंबरची टाकी

पोखर्णीच्या बापू आचाऱ्यानं बत्तीस वर्षांत हजारो माणसांचा स्वयंपाक केला आणि एकदाही पळी जिभेला लावली नाही. देवाला दाखवायच्या आधी चाखलं की ते उष्टं झालं, मग त्याला नैवेद्य कोण म्हणेल? म्हणून काय कमी, काय जास्त, हे बापू नुसत्या वासावर ठरवायचा. आता जाणते लोक म्हणतात की वास घेणं म्हणजेही अर्धं जेवणंच. बापूनं त्यावरही तोड काढली होती. तो पातेल्यावर कधी वाकायचा नाही. चुलीपासून तीन पावलं लांब, तोंड दुसरीकडं करून उभा राहायचा आणि म्हणायचा, "मी कुठं हुंगायलोय? वाफच यायलीय माझ्याकडं."

मिठाला वास नसतो हे मलाही ठाऊक आहे. बापूला तसं म्हणून बघा. तो तुमची कीव केल्यासारखा हसेल आणि सांगेल की मीठ पडलं की डाळीचा वास खाली बसतो, आणि नाही पडलं तर तो उगाच वर वर हुंदडतो. खरं-खोटं देव जाणे. पण बापूच्या आमटीत मीठ कमी-जास्त झालंय असं म्हणणारा माणूस अजून सापडलेला नाही.

त्याच्या घरात आजोबांनी घालून दिलेली आणखी एक रीत होती. ज्याच्या हातून पातेलं बिघडेल, त्यानं त्या दिवशी पंगतीत पाणी वाढायचं. बाकीचे भात वाढतील, वरण वाढतील, बुंदी वाढतील; हा फक्त पाण्याचा जग घेऊन फिरणार. तोंडानं कबुली द्यायची नाही, हात जोडायचे नाहीत, आणि दुसऱ्यानंही एका शब्दानं विचारायचं नाही. जग हातात दिसला की ज्याला कळायचं त्याला कळतं. बापूच्या हाताखालचा बालाजी दोनदा पाणी वाढून बसला होता, एकदा कढी फाटली म्हणून आणि एकदा भात लागला म्हणून. बापूनं बत्तीस वर्षांत पाण्याच्या जगाला हात लावला नव्हता. हे तो कोणाला सांगायचा नाही, पण बालाजीला विसरूही द्यायचा नाही.

असा हा सोवळ्यातला माणूस बिअरच्या कारखान्यात कसा पोचला, तर भाचीमुळं.

बापूची धाकटी बहीण सुमंगला परभणीत शाळामास्तरीण होती, आता निवृत्त झाली. तिची मुलगी उत्तरा. हुशार पोर. खाद्यपदार्थांचं शास्त्र शिकली, पुण्यात कुठल्याशा बिअरच्या कंपनीत चार वर्षं राबली आणि मग सगळे परवाने काढून परभणीच्या बाहेर, गंगाखेडच्या रस्त्याला एक पत्र्याचं शेड घेऊन स्वतःचा कारखाना टाकून बसली. कारखाना म्हणायचा तो मनाचा मोठेपणा. पाच स्टीलच्या टाक्या, एक जव भिजवायचं भांडं आणि बाटल्या भरायचं एक यंत्र, एवढाच पसारा. सुमंगलानं शेजारीपाजारी "पोरगी पेयांचा धंदा करती" असं सांगितलं. बापूनं पोखर्णीत "सरबत" असं सांगितलं. पोखर्णीनं ते ऐकून घेतलं.

उत्तरा बेल्जियमकडच्या पद्धतीच्या बिअर करायची. बेल्जियम कुठं आहे हे बापूला माहीत नव्हतं. पण तिकडं मठातले साधू पिढ्यान्‌पिढ्या बिअर करत आलेत, हे उत्तरानं सांगितलं तेव्हा तो थोडा नरम पडला.

"साधू?" त्यानं विचारलं. "मग त्यांच्यात चाखून करत्यात का वासावर?"

"चाखून करतात मामा."

"हां," बापू म्हणाला. म्हणजे त्या साधूंचं शिक्षण जरा कमी पडलं असावं, एवढं त्याच्या मनानं नोंदवून घेतलं.

तो शेडमध्ये पहिल्यांदा गेला तो प्रसादाची बुंदी द्यायला. उत्तरा कपाळाला हात लावून बसली होती. तिची गव्हाची पांढरी बिअर, जिच्यात धने आणि मोसंबीची साल पडते, ती काही केल्या उठत नव्हती. नुसती सपक लागत होती. बापू दारातच थबकला. तोंड रस्त्याकडं करून जरा वेळ उभा राहिला.

"धने जुने हायत," तो म्हणाला. "पावसाळा बघितलेले. राणीसावरगावच्या कस्तुराबाईच्या रानातले देतो तुला. बारीक असत्यात, पण दाण्यात जीव हाय. अन् भाजू नको. निस्ते उन्हात तापव अन् जाडसर कूट."

त्या धन्यांनी पांढरी बिअर अशी काही बदलली की उत्तरानं मामाच्या पायाला हात लावला. तिथून दर शनिवारी बापू एसटीनं परभणीला येऊ लागला. दाराजवळ त्याच्यासाठी एक लाल प्लास्टिकची खुर्ची ठरून गेली, कारण पाचही टाक्यांवरचा वारा नेमका तिथं यायचा. उत्तरा एकेका टाकीतून पेला भरून आणायची आणि हातभर अंतरावर स्टुलावर ठेवायची. बापू दुसरीकडं बघायचा. मग सांगायचा. ज्वारीच्या बिअरला हुरड्याचा वास यायला लागला की थांब. काळीत मनुक्याचा वास उतरलाय, पण गुळाचा अजून कच्चा हाय. साल आतल्या पांढऱ्यासकट पडलीय, कडू उतरलीय. थेंब पोटात न घालता हा माणूस सांगायचा आणि ती मुकाट लिहून घ्यायची. पिणाऱ्यांनी म्हणावं, "उत्तराताई, या खेपेला जमलीय," आणि उत्तरानं म्हणावं, "माझ्या मामाच्या नाकावर चाललंय हे सगळं."

हे वाक्य बापू पोखर्णीपर्यंत जपून न्यायचा. एसटीत खिडकीशी बसून मनातल्या मनात ऐकायचा. आयुष्यभर दुसऱ्यांची पोटं भरली, पण लोक जेवून हात धुवायचे आणि बुंदीचं कौतुक करायचे. नाकाचं कौतुक करणारी ही पहिलीच.

मग राजेश्री आली.

पुण्याची होती, पस्तीस-छत्तीसची. बिअरची परीक्षा करायचं शिक्षण घेतलेली, त्याचं प्रमाणपत्र असलेली. उत्तराच्या जुन्या कंपनीतली तिची सोबतीण. माल वाढवायचा तर दर घाण्याला एकसारखी चव यायला हवी, म्हणून उत्तरानं तिला सहा महिन्यांसाठी बोलावून घेतलं. चष्मा केसांत खोचलेला, हातात देठाचा पेला आणि बगलेत एक निळी वही. ती पेला फिरवायची, त्यात अख्खं नाक घालायची, घोट घ्यायची, गालात घोळवायची आणि कधी कधी बादलीत थुंकून टाकायची.

बापूनं हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो खुर्चीसकट मागं सरकला. उष्टं करून थुंकायचं आणि त्यावर मत द्यायचं! पण उत्तरा ते मत कान देऊन ऐकत होती. मान डोलवत होती.

खोटं कशाला बोलायचं, बापू जळला. साठीला आलेला माणूस, नातवंडं असलेला, पण सवतीवर जळावं तसा जळला. राजेश्री चांगली नव्हती असं नाही. "काका, नमस्कार" म्हणायची, त्याच्यासाठी चहा सांगायची. त्यानं बापूच्या अंगाचा आणखीच तिळपापड व्हायचा. वाईट वागली असती तर निदान भांडता तरी आलं असतं.

एकेक शनिवार त्याला एकेक गोष्ट टोचू लागली. आधी पेला त्याच्यासमोर यायचा, आता राजेश्रीनंतर, म्हणजे दुसऱ्या पंगतीला. आधी उत्तरा म्हणायची, "मामाला विचारते." आता म्हणायची, "राजेश्रीताईंना विचारू." एकदा तो आला तर राजेश्री त्याच्या लाल खुर्चीवर बसून वहीत लिहीत होती. तिनं लगेच उठून खुर्ची दिली. पण बसल्यावर ती गरम लागली, आणि त्या दिवशी बापूला कशाचाच वास नीट आला नाही.

सगळ्यात जास्त टोचायची ती निळी वही. काय लिहीत असेल एवढं? बापूनं तोंड उघडलं की तिचं पेन चालायचं. म्हातारा काय वाट्टेल ते सांगतो, अशी टिंगल लिहीत असेल. पुण्याला जाऊन दाखवत असेल.

"नाकापेक्षा मोती जड झालाय तुझ्या पोरीला," तो सुमंगलाला म्हणाला.

सुमंगला शेंगा सोलत होती. "दादा, तिचं पोट हाय त्याच्यावर," ती म्हणाली. "येऊ दे की शिकलेलं माणूस. तू काय जन्माला पुरणार हायस का तिला?"

सख्ख्या बहिणीनंही असं म्हटल्यावर बापूला वाटलं, आता आपलं कोणी उरलं नाही.

अशात छत्रपती संभाजीनगरच्या माणिकरावांचं यायचं ठरलं. त्यांची तिकडं तीन मोठी हॉटेलं होती. त्यांना पांढरी बिअर पसंत पडली तर ते वर्षभराचा माल बांधून घेणार होते, आणि तसं झालं तर उत्तराचा धंदा पायावर उभा राहणार होता. नाही झालं तर पावसाळ्यानंतर पुण्याला नोकरी बघावी लागेल, असं ती एकदा हसत हसत बोलून गेली होती. ती हसत होती म्हणून ते खोटं आहे असं कोणाला वाटलं नाही. माणिकराव शनिवारी येणार होते. पांढरी बिअर तीन नंबरच्या टाकीत मुरत होती.

त्याच्या आधीच्या शनिवारी उत्तरानं तीन नंबरचा पेला स्टुलावर ठेवला. बापूनं मान वळवली आणि तो चमकला.

लवंग.

धने होते, साल होती, आणि त्यांच्या मागून सरळ सरळ लवंग येत होती. जरा केळ्याचाही भास होता. बापूनं कधी लवंग सांगितली नव्हती. या टाकीत लवंगेचं काम काय? त्यानं हळूच नजर फिरवली. राजेश्री वही उघडून, पेन धरून त्याच्याकडंच बघत होती. उत्तराही बघत होती, ओठ दाबून.

"काका, काय वाटतं?" राजेश्रीनं विचारलं.

बापूच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हिनंच घातलीय. आपल्या धन्यांवर हिनं लवंग घातली आणि आता विचारायलीय काय वाटतं म्हणून! स्वयंपाकघरात चोरी परवडली, पण दुसऱ्याच्या पातेल्यात आपला हात घालणं हा बापूच्या लेखी सगळ्यात मोठा गुन्हा होता. त्यापायी त्यानं एका चांगल्या वाढप्याला जन्माचा तोडला होता.

"काय नाही," तो म्हणाला. "चांगलं हाय."

आणि पुढची एसटी पकडून तो घरी गेला.

सांगायला हवं होतं. हे मला कळतं, तुम्हालाही कळतं, आणि त्यालाही कळत होतं. पण त्यानं सांगितलं असतं तर उत्तरानं राजेश्रीला विचारलं असतं, राजेश्रीनं वही उलटून काहीतरी इंग्रजी नाव सांगितलं असतं, आणि उत्तरानं मान डोलवली असती. ती डोलणारी मान बापूला रोज रात्री दिसत होती. पाचव्या दिवशी, गुरुवारी, त्यानं कस्तुराबाईचे दीड किलो धने उन्हात तापवले, कुटले, धुतलेल्या फडक्यात बांधले आणि तो परभणीला निघाला.

लवंग जास्त झाली तर आचारी काय करतो? धने वाढवतो. लवंग मागं सरते. मसालेभातात बापूनं हे शंभरदा केलं होतं. शनिवारी माणिकराव घोट घेतील, वा म्हणतील, तेव्हा आपण सगळ्यांसमोर सांगू की बिघडलेलं पातेलं कोणी सावरलं ते. त्या वेळी राजेश्रीचं तोंड कसं होईल, हे त्यानं एसटीत तीन-चार प्रकारांनी रंगवून बघितलं. प्रत्येक प्रकार त्याला आवडला.

शेडमध्ये दुपारची सामसूम होती. उत्तरा कागदांसाठी सरकारी कचेरीत गेली होती, कामगार जेवायला बसले होते. आतल्या खोलीत राजेश्री फोनवर होती. पुण्यात ठेवलेल्या मुलीकडून सतराचा पाढा म्हणून घेत होती. "सतरा सत्ते?" असं तिनं विचारलं तेव्हा बापू तीन नंबरच्या शिडीवर होता. वरचं झाकण कसं उघडायचं हे त्यानं उत्तराचं बघून ठेवलं होतं. त्यानं फडकं सोडलं, धने आत ओतले, झाकण बसवलं आणि खाली उतरला. सतराचा पाढा अजून संपला नव्हता.

बाहेर नळावर हात धुताना त्याला एकदा चुटपुट लागली. दुसऱ्याच्या पातेल्यात हात घातलाय आपण. पण मग त्यानं स्वतःला समजावलं. पातेलं मुळात आपलं होतं, धने आपले होते. मधे हात घातला तो तिनं. माणसाला स्वतःची समजूत घालायला फार वेळ लागत नाही.

शनिवारी तो कडक इस्त्रीचा सदरा घालून सकाळीच आला. मधोमध टेबल मांडलं होतं, त्यावर पांढरं कापड, ओळीनं पेले, सुमंगलानं करून दिलेले पोह्याचे पापड आणि पाण्यानं भरलेला स्टीलचा जग. दोन बिअरच्या मधे तोंड धुवून घ्यायला पाणी लागतं, नाहीतर पहिलीची चव दुसरीत जाते. बापू खुर्चीवर बसला आणि वाट बघू लागला.

राजेश्रीनं तीन नंबरचा नळ सोडून पेल्यात थोडी बिअर घेतली. नाकाशी नेली आणि तिथंच थांबली. पुन्हा एकदा नेली. एक घोट घेऊन लगेच बादलीत टाकला. मग पेला उजेडात धरला. बापूला इतक्या लांबूनही दिसलं, तळाशी बारीक चुरा फिरत होता. आणि आता टाकीच्या नळातून तो वासही त्याच्यापर्यंत आला. धने होते, पण ते धने राहिले नव्हते. ओल्या फडक्यावर अंगाचा साबण घासावा तसा तो वास होता. उकळत्या भातात धने शिजून जिरतात. इथं ते थंड बिअरमध्ये दोन दिवस भिजत पडले होते. बत्तीस वर्षांत बापूनं कधी थंड पातेल्यात हात घातला नव्हता.

राजेश्रीनं मान वर केली आणि सरळ त्याच्याकडं बघितलं. कस्तुराबाईचे धने या जिल्ह्यात कोण आणतो हे तिला माहीत होतं. आता ही बोलणार. वही उघडणार आणि बोलणार.

पण वही बगलेतच राहिली. तिनं पेला दोनदा विसळला आणि आतल्या खोलीत गेली. दार अर्धं उघडं होतं.

"तीन नंबर आज दाखवायची नाही," तिचा आवाज आला.

"म्हणजे?" उत्तरा म्हणाली. "तो माणूस पांढरीसाठीच यायलाय."

"बिघडलीय. माझ्याकडून राहिलं. रोज बघायला हवी होती मी, दोन दिवस बघितलीच नाही."

"तुमच्यावर सोडलं होतं मी ताई," उत्तरा म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "तुमच्या भरवशावर मामाला पण बाजूला ठेवलं. वर्षाचं काम होतं हे माझं."

दोन महिने बापूला जे ऐकायचं होतं ते हेच. आणि खरं सांगायचं तर क्षणभर त्याला ते गोडही लागलं. राजेश्रीला बोल बसतोय, मामाचं नाव निघतंय, वा. पण तो गोडवा घशाखाली उतरायच्या आत त्याला उत्तराचं नाक ओढल्याचं ऐकू आलं. ही पोर लहानपणी पोखर्णीला सुट्टीत यायची, सोवळ्याच्या रेघेबाहेर बसून विचारायची, "मामा, आता कशाचा वास आला?" तेव्हाही सर्दी झाली की ती असंच नाक ओढायची. बापू खुर्चीत खिळल्यासारखा बसून राहिला.

माणिकराव अकराच्या सुमाराला आले. जाडजूड, मोकळ्या स्वभावाचा माणूस. पांढरी आज नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. "मग मी वर्षाचं काय बोलू?" ते म्हणाले. "बाकीच्या चाखतो, आलोच आहे तर. पण बोलणं पांढरी तयार झाल्यावरच. तोवर दुसरीकडंही बघणारच मी, हे सांगून ठेवतो." उत्तरानं हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होती?

टेबलाभोवती सगळे बसले. सुमंगला पापडांची थाळी घेऊन आली. पहिली ज्वारीची बिअर आली. माणिकरावांनी घोट घेतला आणि भुवया उंचावल्या.

"यात लवंग घातलीत काय?"

बापूचे कान टवकारले.

"एक दाणाही नाही," राजेश्री म्हणाली. "हे नवं यीस्ट आहे, तिकडच्या जातीचं. मागच्या महिन्यात मागवलं. तेच मुरताना असा लवंगेचा वास सोडतं, जरासा केळ्याचाही. तिकडच्या बिअरची खूणच आहे ती. तीन नंबरच्या पांढरीतही हेच टाकलं होतं."

"मामाला मुद्दाम सांगितलं नव्हतं आमी," उत्तरा म्हणाली. तिनं बळेच हसून बघितलं. "राजेश्रीताई म्हणल्या, यीस्ट बदललेलं कुणी ओळखलं तर काकाच ओळखतील, बघू या. पण मामा काही बोललेच नाहीत."

"मी अजूनही मानत नाही की काकांना कळलं नसेल," राजेश्री म्हणाली आणि तिनं ती निळी वही माणिकरावांना दाखवायला उघडली.

वही बापूच्या हातभर अंतरावर होती. पानावर रकाने आखलेले होते. एकावर उत्तरा, दुसऱ्यावर राजेश्री, आणि तिसऱ्यावर काका. त्या तिसऱ्या रकान्यात त्याचे शब्द त्यानं उच्चारले तसेच उतरवलेले होते. "हुरड्याचा वास." "गूळ कच्चा हाय." "साल आतल्या पांढऱ्यासकट पडलीय." काही शब्दांखाली लाल रेघ होती आणि पुढं राजेश्रीच्या अक्षरात लिहिलं होतं, मला हे चार दिवसांनी कळलं. मागच्या शनिवारी, तीन नंबरपुढं, काका या रकान्यात काहीच नव्हतं. बापू "चांगलं हाय" म्हणाला होता, पण तिनं ते लिहून घेतलं नव्हतं. खऱ्या शब्दासाठी तिनं जागा मोकळी ठेवली होती.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. एक शब्द बोलला असता, लवंग एवढाच, तर त्या रिकाम्या जागेत तो पडला असता, खाली लाल रेघ आली असती, आणि आज तीन नंबरचे पेले या टेबलावर असते. जिच्यावर तो जळत होता ती त्याला जोखत होती आणि मानत होती. आणि आता त्याचं पाप तिनं स्वतःच्या अंगावर घेतलं होतं, आणि ते उत्तराला कधी कळणारही नाही अशी व्यवस्था केली होती. उपकारसुद्धा हिनंच करावा, याचाही बापूला राग आला. मत्सर असा लगेच थोडाच सुटतो.

माणिकराव वहीवरून बोट फिरवत होते. "बाई, तुमचं काम भारी आहे हं," ते राजेश्रीला म्हणाले, आणि ते वाक्य बापूला तेव्हाही लागलं.

ज्वारीची संपत आली होती. आता काळी यायची होती, आणि मधे तोंड धुवायला पाणी. उत्तरानं जगाकडं हात केला.

त्याच्या आधी बापू उठला. त्यानं सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या आणि टेबलावरचा जग उचलला. तो हाताला वाटलं होतं त्यापेक्षा जड लागला. माणिकरावांच्या डाव्या बाजूनं, पंगतीत वाढतात तसं, कमरेत वाकून त्यानं त्यांच्या पेल्यात पाणी घातलं. मग दुसऱ्या पेल्यात. मग तो राजेश्रीपाशी आला.

"काका, तुम्ही कशाला?" ती घाईनं उठायला लागली. "बसा तुम्ही, मी घेते ना."

"बसा तुमी," बापू म्हणाला. "आज पाणी माझ्याकडं हाय."

सुमंगलानं हातातली पापडांची थाळी खाली ठेवली. ती त्याच घरात वाढलेली. तिनं भावाकडं बघितलं आणि पदर तोंडाशी नेला. उत्तराचा हात तसाच अर्धवट पुढं राहिला होता. तिनं मामाच्या हातातल्या जगाकडं बघितलं, मग वळून तीन नंबरच्या टाकीकडं, आणि पुन्हा जगाकडं. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला आणि हळूहळू परत आला. बापू खाली बघून उभा होता. ती काय विचारेल याची वाट बघत होता, आणि ती विचारणार नाही हेही त्याला माहीत होतं.

उत्तरानं एका शब्दानं विचारलं नाही. तिनं राजेश्रीच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं.

"बसा ताई," ती म्हणाली. "आज मामाच वाढणार."